तंजावरचे कोलहोफ घराणे

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसाला बृहदीश्वराचे शिखर आठवते, राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय आठवते आणि कावेरीच्या काठी आपली भाषा कशी जाऊन पोहोचली याचे कौतुक वाटते. हे कौतुक रास्तच आहे. परंतु एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. त्या भूमीत मराठी मंडळी परकीच होती. व्यंकोजीराजे 1676 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले, तेव्हा त्यांच्यामागून सरदार, शिलेदार, कारकून, पुराणिक, आचारी असा सारा परिवार तमिळ देशात उतरला. त्यांच्या अगोदर नायक राजांबरोबर तेलुगू मंडळी येऊन स्थिरावली होती. रेशमाचे काम करणारे सौराष्ट्री विणकर होते, दखनी बोलणारे मुसलमान होते. पुढे इंग्रजांची शिबंदी आली आणि तिच्यासोबत अर्धवट पोर्तुगीज बोलणारी मिश्र वंशाची कुटुंबे आली. राजवाड्याच्या भोवतीचा किल्ला म्हणजे एक लहानसे परदेशीयांचे गावच होते म्हणा ना. अशा या गावात एका जर्मन ख्रिस्ती घराण्याने बिऱ्हाड थाटले आणि त्याच्या तीन पिढ्या या मुलखाच्या सेवेत गेल्या. त्या घराण्याचे नाव कोलहोफ.

हे घराणे येथे आले ते तरंगंबाडीच्या वाटेने. तंजावरच्या रघुनाथ नायकाने 1620 मध्ये समुद्रकाठचे ते गाव डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले. मराठी राज्य आल्यावरही त्याचा वार्षिक खंड तंजावरच्या दरबारी भरला जाई. त्या गावी 1706 मध्ये डेन्मार्कच्या राजाने धर्मप्रसारक पाठविले. राजा डेन, परंतु माणसे बहुतेक जर्मन, हाले येथील भक्तिमार्गी विद्यापीठातून निवडलेली. 1737 मध्ये त्यांच्यांत योहान बाल्थासार कोलहोफ हा पोमेरानियातील तरुण येऊन मिळाला. तो परत गेला नाही. 1790 मध्ये तरंगंबाडीसच त्याचा अंत झाला.

त्या काळी अशा माणसाने 'देवावर भरवसा ठेवला' असे म्हटले म्हणजे नेमके काय झाले, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यांना वेतन होते, नाही असे नाही. परंतु ते बेताचे होते आणि येई युरोपातून, जहाजाने. पत्राचे उत्तर हाती पडावयास वर्ष उलटे. मध्येच युद्ध पेटले तर पत्र आणि पैसा दोन्ही वाटेतच राहत. हवा सोसली नाही तर नव्याने आलेला मनुष्य थोड्याच काळात दफनभूमीत जाई, आणि मुले मोठी होतीलच याची खात्री कोणी देत नसे. तेव्हा संसार थाटणे हाच एक मोठा विश्वास होता. एकटा माणूस संकटात पाय काढू शकतो. पाळणा हलू लागला की ती सोय उरत नाही.

बाल्थासारच्या घरी 1762 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव योहान कास्पर. बापाने या मुलाला लहानपणीच आपल्या एका सहकाऱ्याच्या हाती सोपविले. तो सहकारी म्हणजे ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ. श्वार्ट्झसाहेब 1750 मध्ये भारतात आले. आधी तरंगंबाडी, मग तिरुच्चिरापल्ली आणि 1778 पासून कायमचे तंजावर, असा त्यांचा प्रवास झाला. ते आजन्म अविवाहित राहिले. स्वतःचे घर ज्याने केले नाही, त्याच्या हाताखाली या घराण्याची दुसरी पिढी वाढली, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

श्वार्ट्झ यांची रीत अशी की ज्याच्याशी बोलावयाचे त्याची भाषा आधी शिकावयाची. तमिळचा अभ्यास त्यांनी हालेलाच आरंभिला होता. तिरुच्चिरापल्लीस नवाबाच्या माणसांसाठी ते हिंदुस्थानी आणि फारसी शिकले, मिश्र वंशाच्या लोकांसाठी पोर्तुगीज शिकले. तंजावरास आल्यावर पाहिले तो दरबाराची भाषा मराठी. तेव्हा तीही शिकले. तुळजाजीराजांशी त्यांचा स्नेह जडला. राजांना नव्या धर्माची दीक्षा नको होती, परंतु हा मनुष्य हवा होता. राजवाड्यापासून थोड्या अंतरावर, शिवगंगा तलावाच्या काठी, धाकट्या किल्ल्यात श्वार्ट्झ यांनी 1779 मध्ये चर्च उभारले. किल्ल्याबाहेर मानंबुचावडी या उपनगरात देशी ख्रिस्ती मंडळींची वस्ती आणि प्रार्थनामंदिर झाले. आत शिबंदीतील गोरे, बाहेर तमिळ कुटुंबे आणि मधल्या अंगास मराठी दरबार, अशा तीन जगांत कास्परची जाण वाढत गेली.

त्याने लहान वयात जे पाहिले त्यातील एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. 1781 मध्ये हैदरअलीच्या फौजा तंजावर प्रांतात घुसल्या. पिके जळाली, कालवे फुटले, गावे ओस पडली आणि उपाशी माणसांचे लोंढे किल्ल्याकडे आले. किल्ल्यात शिबंदीला पुरेल इतके धान्य नव्हते. बाहेरच्या गावांत धान्य होते, परंतु ते आणावयास बैल मिळेनात. का मिळेनात? पूर्वी सरकारी कामासाठी बैल नेलेल्या शेतकऱ्यांना मोबदला मिळाला नव्हता. मधल्या अधिकाऱ्यांनी तो गिळला होता. हुकूम सुटले, धाक दाखविले गेले, पण दावणीचा बैल कोणी सोडीना. तेव्हा खुद्द राजांनीच म्हटले की आमची आणि कंपनीची पत आता उरली नाही, श्वार्ट्झसाहेबांच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात का ते पाहू. साहेबांनी शब्द दिला की मोबदला मी स्वतःच्या हाताने देईन. एकदोन दिवसांत हजारावर बैल जमले. कलम या तमिळ मापाने 80,000 कलम धान्य किल्ल्यात आले. पैसे ठरल्याप्रमाणे ज्याचे त्याला पोहोचले.

राज्यकारभाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचावा. खजिन्यात पैसा होता की नव्हता हा येथे प्रश्नच नव्हता. दिलेला शब्द पाळणारा मनुष्य हवा होता. पुढे जुलमी वसुलीमुळे हजारो कुळे प्रांत सोडून गेली, तेव्हाही हाच अनुभव आला. राजांच्या आश्वासनाने कोणी परतेना. श्वार्ट्झ यांनी हमी घेतल्यावर सुमारे सात हजार माणसे एका दिवसात आपापल्या शेतांवर परत आली. ज्याला लोक देवावरचा विश्वास म्हणत होते, त्याचे असे एक रोकड रूप होते. हेच रूप पाहत कास्पर लहानाचा मोठा झाला.

1787 हे वर्ष या कथेत दोन अंगांनी महत्त्वाचे ठरले. जानेवारीत तरंगंबाडीस कास्परला धर्मगुरूची दीक्षा मिळाली. वृद्ध पित्याच्या सेवेला त्याच वर्षी पन्नास वर्षे पुरी होत होती, आणि प्रवचन केले श्वार्ट्झ यांनी. त्याच वर्षी तंजावरास तुळजाजीराजे निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांचा सरफोजी दत्तक घेतला होता आणि त्याला श्वार्ट्झ यांच्या ओटीत घालण्याची इच्छा दर्शविली होती. श्वार्ट्झ यांनी ती जबाबदारी नाकारली. राजपुत्राचे पालकत्व धर्मोपदेशकाला शोभत नाही असे त्यांना वाटले, आणि त्यांनी राजांचा भाऊ अमरसिंह याचे नाव सुचविले. हेतू निर्मळ होता, परंतु निर्णय चुकला, असेच म्हणावे लागते. अमरसिंहाने गादी आपल्याकडे घेतली आणि मुलाला वाड्यात जवळजवळ कोंडून ठेवले. ना शिक्षण, ना मोकळी हवा. मग श्वार्ट्झ यांनाच धावपळ करावी लागली. कंपनी सरकारकडे तक्रारी करून त्यांनी मुलाभोवती पहारा बसविला आणि 1793 मध्ये त्याला मद्रासेस नेऊन गेरिके या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याच्या अध्ययनाची व्यवस्था लावली. दत्तकविधान सशास्त्र होते हे सिद्ध करण्याचा खटाटोपही त्यांनीच केला.

13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ तंजावरास वारले. सरफोजींना अखेरचे दर्शन घडावे म्हणून दफन लांबविण्यात आले. राजपुत्राने शवावर जरीवस्त्र घातले आणि तो रडला. त्याच वर्षी त्याला गादी मिळाली. पण 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. एक लक्ष होन, वसुलाचा पाचवा हिस्सा, किल्ला आणि राजवाडा एवढेच महाराजांपाशी राहिले. श्वार्ट्झ यांच्या पुण्याईचा हा दुसरा बाजूचा जमाखर्चही मांडला पाहिजे. मुलाचा जीव आणि हक्क वाचविण्यासाठी त्यांनी ज्या कंपनीचे दार ठोठावले, तिनेच त्या मुलाचे राज्य घेतले.

मागे राहिला कास्पर कोलहोफ. वय छत्तीस. श्वार्ट्झ यांनी आपली काटकसरीने साठलेली पुंजी धर्मकार्यासाठी ठेवली होती आणि तिची व्यवस्था त्याच्याकडे सोपविली होती. प्रांतभर विखुरलेल्या मंडळ्या, शाळा, अनाथ मुले, शिवाय थेट तिरुनेलवेलीपर्यंतची देखरेख, हा सारा भार त्याच्यावर पडला. हालेहून माणसे येणे थांबत चालले होते, आणि युरोपात नेपोलियनची युद्धे सुरू होती. सत्यनाथन यांच्यासारखे तमिळ धर्मगुरू, ज्यांना 1790 मध्ये दीक्षा मिळाली होती, त्यांच्या आधारानेच हे काम चालले. कोलहोफ यांचा अधिकार गुरूसारखा नव्हता. हैदरअलीने ज्याला मुद्दाम बोलावून घेतले त्या श्वार्ट्झची कीर्ती त्यांच्या वाट्यास आली नाही. पण ते राहिले. सेवेचा बराचसा भाग म्हणजे नुसते राहणे, हे इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच लिहिलेले असते.

सरफोजी महाराजांनी या घराशी नाते तोडले नाही. ते अखेरपर्यंत शिवभक्त हिंदू होते. 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविणारे आणि आपल्या छापखान्यात देवनागरी पुस्तके छापविणारे हे महाराज आपल्या गुरूसाठी इंग्रजीत शोकपद्य रचतात. ते गुरूच्या समाधिशिलेवर आहे. 1807 मध्ये त्यांनी कण्णंदंगुडी येथे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनाची सोय लावून दिली. शिवगंगेच्या चर्चमध्ये फ्लॅक्समन या विख्यात इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी संगमरवरी स्मारक घडवून आणले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूचा हात महाराजांच्या हातात आहे, पायथ्याशी शाळेतील मुले आहेत. हिंदू राजाने ख्रिस्ती उपदेशकासाठी चर्चमध्ये उभारलेले असे स्मारक अन्यत्र शोधून सापडणे कठीण.

मात्र मानंबुचावडीच्या मंडळीत सारेच गोड नव्हते. ख्रिस्ती झालेल्यांत वेळ्ळाळ होते, परैयर होते. ते एका मंदिरात येत, परंतु बसत वेगळ्या बाजूंस. श्वार्ट्झ यांनी ही चाल हळूहळू मोडेल या आशेने चालू दिली, आणि कोलहोफ यांनी तोच मार्ग धरला. 1820 नंतर आलेल्या तरुण पाद्र्यांना हे मानवेना. त्यांनी एकदम सर्वांना एकत्र बसविण्याचा आग्रह धरला. श्वार्ट्झ यांनीच तिरुनेलवेलीकडून मुलगा म्हणून आणून शिकविलेला कवी वेदनायकम शास्त्री याने त्यांना कडाडून विरोध केला, आणि त्यापायी त्याची मंडळीतील नोकरी गेली. आश्चर्य असे की त्याला आश्रय दिला तो सरफोजी महाराजांनी. 1833 मध्ये बिशप विल्सन यांनी जातिभेद सोडलाच पाहिजे असे फर्मान काढले, तेव्हा पुष्कळ कुटुंबे मंडळी सोडून निघाली. वृद्ध कोलहोफ यांच्या डोळ्यांदेखत त्यांचे घर दुभंगले. तरुणांची घाई निष्ठुर होती हे खरे. पण जुन्यांच्या सबुरीची किंमत कोण देत होते? मागच्या बाजूस बसणारे देत होते. अन्नधान्याच्या बाबतीत ज्या घराने शब्द पाळला, त्याच घराचा या बाबतीतला शब्द पन्नास वर्षे उधारच राहिला.

1826 च्या मार्च महिन्यात बिशप हेबर तंजावरास आले. ईस्टरची उपासना त्यांनी येथे केली आणि सरफोजी महाराजांची भेट घेतली. आठवड्याभरातच तिरुच्चिरापल्लीस त्यांचा आकस्मिक अंत झाला. महाराज 1832 मध्ये गेले. कास्पर कोलहोफ 27 मार्च 1844 रोजी तंजावरासच वारले. दीक्षेपासून सत्तावन वर्षे त्यांनी त्या मुलखात काढली होती. जन्म तरंगंबाडीचा, मृत्यू तंजावरचा. जर्मनी हा त्यांच्यासाठी बापाचा देश होता, इतकेच.

तिसऱ्या पिढीतील ख्रिस्तियान सॅम्युएल कोलहोफ तिरुच्चिरापल्लीजवळच्या इरुंगळूर गावी राहिले. 1855 मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर मराठी राज्य खालसा झाले, राजवाड्यातील माणसे पांगली. त्यांतील पुष्कळांनी तंजावर सोडले नाही. त्यांच्या वंशजांच्या घरी तमिळ वळणाची मराठी अजून बोलली जाते. कोलहोफही गेले नाहीत. सॅम्युएल 1881 मध्ये वारले. बाल्थासार तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर उतरला त्याला तेव्हा एकशे चव्वेचाळीस वर्षे झाली होती.