ग्रॅम्बलिंगची घंटा

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातल्या ग्रॅम्बलिंग या छोट्याशा गावात, काळ्या मुलांच्या कॉलेजच्या वसतिगृहात, एक गृहस्थ भल्या सकाळी हातात घंटा घेऊन फिरायचे आणि झोपलेल्या मुलांना उठवून वर्गाला पिटाळायचे. ते वसतिगृहाचे अधीक्षक नव्हते, कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. एडी रॉबिन्सन हे त्यांचं नाव. १९४१ ते १९९७ ही त्यांची सगळी कारकीर्द या एकाच संस्थेत गेली. तिथे त्यांनी ४०८ सामने जिंकले आणि त्यांच्याविषयी काहीही लिहून आलं की हा आकडा आधी येतो. पण २००३ मध्ये जॉन गॅग्लिआर्डी या दुसऱ्या कॉलेज प्रशिक्षकाने तो आकडा ओलांडला, तरी रॉबिन्सन यांचं मोठेपण तसूभरही कमी झालं नाही. ते मोठेपण विजयांच्या मोजणीत नव्हतंच, असं मला ठामपणे वाटतं. जे दार अजून उघडलेलं नाही त्यासाठी मुलांची तयारी करून ठेवणं, हे त्यांचं खरं काम होतं.

हा खेळ म्हणजे आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला चेंडू हातात धरून चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, असा तो आहे. व्यावसायिक संघ आपले खेळाडू मुख्यतः कॉलेजांतून निवडतात, त्यामुळे कॉलेजचा प्रशिक्षक हे तिकडे बडं प्रस्थ असतं. आज कित्येक राज्यांत सरकारी नोकरांमधला सर्वांत मोठा पगार राज्यपालाला नव्हे, तर अशा प्रशिक्षकाला मिळतो. बटाईने शेती करणाऱ्याच्या घरात जन्मलेले रॉबिन्सन मात्र पशुखाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंटवर काम करत होते. तिथून वयाच्या बाविसाव्या वर्षी ते महिना ६३.७५ डॉलरवर ग्रॅम्बलिंगला आले. मैदानाचं गवत कापायचं, चुन्याच्या रेषा आखायच्या, मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या आणि सामना संपला की त्याची बातमी लिहून वर्तमानपत्रांना पाठवायची, ही सगळी कामं त्यांचीच. एकदा कापसाच्या वेचणीसाठी एका वडिलांनी संघातल्या आपल्या मुलांना घरी बोलावून घेतलं, तेव्हा रॉबिन्सन सगळा संघ घेऊन त्यांच्या शेतावर गेले आणि कापूस वेचून देऊन मुलांना खेळायला परत घेऊन आले. दूरच्या सामन्याला निघताना सँडविच बरोबर बांधून न्यावी लागत, कारण दक्षिणेतल्या हॉटेलांत काळ्या मुलांना जेवायला बसू देत नसत. या कष्टांचं नुसतं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. एका माणसावर इतकी कामं पडत होती, कारण काळ्या मुलांच्या कॉलेजांना सरकार पुरेसा पैसाच देत नव्हतं.

त्यांच्या कामाचं मर्म क्वार्टरबॅकच्या गोष्टीत दिसतं. क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू असतो. डाव ओळखायचा, क्षणात निर्णय घ्यायचा आणि चेंडू फेकायचा, हे त्याचं काम. काळा खेळाडू धावेल, अडवेल, पण डोकं चालवण्याचं काम त्याला झेपणार नाही, अशी व्यावसायिक संघांची समजूत होती. म्हणून कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलांना तिथे दुसऱ्या जागी खेळवलं जाई. रॉबिन्सन यांनी जेम्स हॅरिस या मुलाला मुद्दाम त्याच जागेसाठी घडवलं आणि ती जागा सोडू नकोस, असं बजावलं. हॅरिस १९६९ मध्ये बफेलोच्या व्यावसायिक संघात गेला आणि मोसमाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. पुढे ग्रॅम्बलिंगच्याच डग विल्यम्सने जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाला सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक विजेतेपदाचा अंतिम सामना, जिंकून दिला. त्या दिवशी दुसऱ्या सत्रात त्याचे चार पास थेट टचडाउनला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या गोलक्षेत्रात, गेले. सुपर बोल जिंकणारा तो पहिला काळा क्वार्टरबॅक. तो विजय रॉबिन्सन यांच्या ४०८ मध्ये कुठेच धरलेला नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, रॉबिन्सन यांचे हे सगळे विजय दुबळ्या, लहान कॉलेजांविरुद्धचे होते. त्यात थोडं तथ्य आहे. १९७० नंतर मोठ्या विद्यापीठांनी दारं उघडली आणि उत्तम काळे खेळाडू तिकडे वळले. पण त्याआधीच्या दक्षिणेचं काय? १९८५ मध्ये रॉबिन्सन यांनी ज्यांच्या ३२३ विजयांचा विक्रम मोडला, त्या बेअर ब्रायंट या गोऱ्या प्रशिक्षकाच्या अलाबामा संघातून पहिला काळा खेळाडू मैदानात उतरला तो १९७१ मध्ये. त्यांच्या गटातले प्रतिस्पर्धी संघही १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत निव्वळ गोऱ्यांचे होते. दोघांच्याही वाट्याला अर्धेच प्रतिस्पर्धी आले, मग शंका एकाच्याच विजयांवर का घ्यायची? ग्रॅम्बलिंगचा बक ब्युकॅनन १९६३ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत सर्वांत पहिला उचलला गेला आणि रॉबिन्सन यांचे दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत पोहोचले. एवढं असूनही कोणत्याही बड्या विद्यापीठाने आपल्या संघाची सूत्रं त्यांच्या हाती दिली नाहीत. ते एकाच जागी ५६ वर्षं राहिले याला निष्ठा म्हणतात. ती होतीच, पण दुसरीकडे जायची वाटही बंद होती, हे विसरून चालणार नाही.

शेवटी ते गरजेपेक्षा जास्त थांबले, हा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागतो. अखेरचे तिन्ही मोसम पराभवाचे गेले आणि कॉलेजातूनच निवृत्तीचा आग्रह सुरू झाला. तरुण प्रशिक्षकाला जागा आधीच मिळाली असती तर संघाचं भलं झालं असतं. पण पराभवाची ही तीन वर्षं मोजताना त्यांच्या जागी कोण आलं, तेही पाहायला हवं. १९९८ च्या मोसमाआधी ग्रॅम्बलिंगच्या मैदानावर नव्या संघाचा सराव सुरू झाला, तेव्हा तो घेणारा प्रशिक्षक डग विल्यम्स होता.