ऑपरेशननंतरची तिसरी दिवाळी

पहिली अडचण पोळीची येते. नीट न चावलेला घास लहान झालेल्या जठराच्या तोंडाशी लगदा होऊन बसतो. छातीच्या मधोमध दाटल्यासारखं होतं, तोंडात लाळ सुटत राहते. घास उतरावा म्हणून पाणी प्यावं तर तेही फेसासकट परत येतं. चिकट भात आणि कोरडं चिकन यांचीही हीच गत. घरचे घाबरतात, पण बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं. घास मोठा होता, किंवा गप्पांच्या नादात गिळला गेला. अशा वेळी पुढचा घास घ्यायचा नाही, उठून चार पावलं चालायचं.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेला आता आपल्याकडे कुणी दचकत नाही. २०११ मध्ये नितीन गडकरी यांच्यावर मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ‘बॅरिॲट्रिक’ हा शब्द बऱ्याच घरांनी पहिल्यांदा ऐकला. तिचे नेहमीचे प्रकार दोन, स्लीव्ह आणि बायपास. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न मधला टप्पा टाळून पुढे जातं. दोन्हींत भुकेची रसायनंही बदलतात, त्यामुळे सुरुवातीचे काही महिने अनेकांना भूक अशी लागतच नाही.

ऑपरेशनपूर्वी विचारले जाणारे प्रश्न बहुतेक पहिल्या महिन्याचे असतात. दुखेल का, टाके कधी निघतील, ऑफिसला कधी जाता येईल. त्यांची उत्तरं सोपी आहेत. दुर्बिणीतून झालेल्या शस्त्रक्रियेनंतर माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालू लागतो. त्याला चालवतातच, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. माझ्या मते खरी जोखीम पुढे आहे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात. तोवर वजन उतरलेलं असतं, कपडे दोनदा अल्टर करून झालेले असतात आणि फॉलोअपची फाइल कपाटात गेलेली असते.

सुरुवातीचे आठवडे घरातला प्रत्येक जण पहारेकरी असतो. आधी निवळ पाणी, नारळपाणी, वरणाचं पाणी. मग ताक, पातळ सूप. पुढे पेज, खिमट, मऊ खिचडी. वाटी लहान, चमचा बाळाचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास तरी नाही. पाणी दिवसभर घोट घोट प्यायचं, आणि हेच सर्वांत अवघड जातं. पहिल्या महिन्यात पुन्हा दवाखाना गाठावा लागतो तो पुष्कळदा शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे. ताप, नाडी १२०च्या वर, वाढत जाणारी पोटदुखी, धाप किंवा पोटरीला सूज यांतलं काहीही दिसलं तर मात्र सकाळची वाट पाहायची नाही. शिवण गळत असल्याची किंवा गुठळी झाल्याची ही लक्षणं असू शकतात.

मग घरात एखादं लग्न येतं आणि वाटीभर श्रीखंड पुढे येतं. विशेषतः बायपास झालेल्या माणसाच्या आतड्यात ही साखर एकदम उतरते आणि सोबत पाणी ओढून घेते. दहा मिनिटं ते अर्ध्या तासात घाम फुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, आडवं व्हावंसं वाटतं. याला डंपिंग म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी येतो. इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, रक्तातली साखर घसरते, हात थरथरतात. पाहुण्यांना वाटतं, उपाशी ठेवलंय म्हणून चक्कर आली, आणि ते आणखी एक पेढा पुढे करतात. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर मोजावी आणि आकडा डॉक्टरांना कळवावा. मधुमेहाच्या जुन्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू असतील तर हे अधिक धोक्याचं. मात्रा ऑपरेशननंतर लगेच कमी करावी लागते, कधी गोळ्या बंदही होतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. वजन झपाट्याने उतरल्याचा हा धक्का असतो. मुळं शाबूत असतात, केस काही महिन्यांत परत येतात. महागड्या तेलांवर खर्च करण्यापेक्षा ताटातली प्रथिनं मोजलेली बरी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात आणि एका अंड्यात साधारण ६ ग्रॅमच असतात. शाकाहारी माणसाला लहान पोटात डाळ, पनीर आणि दही यांवर हा आकडा गाठणं कठीण जातं, म्हणून प्रोटीन पावडर घ्यावी लागते. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडेही होतात. त्यासाठी पहिले सहा महिने गोळी देतात.

आता उशिरा येणाऱ्या गोष्टी. यकृतात बी-१२चा साठा असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. नवी रचना बी-१२ नीट शोषत नसली तरी पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, साठा मुळातच तोकडा असतो. मग दोनेक वर्षांनी तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा. माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो आणि जुन्या ऑपरेशनचा विषयही काढत नाही. लोहाचं तसंच, पाळी सुरू असलेल्या बायकांत तर जास्तच. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवावी. बायपासवाल्यांना सहसा कॅल्शियम सायट्रेट देतात, कारण ते शोषायला जठरातलं आम्ल लागत नाही. या गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि हे ऑपरेशनपूर्वीच घरातल्या सगळ्यांसमोर सांगायला हवं.

यातली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट बी-१ची. उलट्या आठवडा-दोन आठवडे चालल्या तर बी-१ झपाट्याने संपतं. डोळ्यांना दोन-दोन दिसणं, चालताना झोकांड्या, गोंधळल्यासारखं बोलणं ही मेंदूवर परिणाम झाल्याची खूण असते. अशा रुग्णाला बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर स्थिती बिघडू शकते. गावातल्या दवाखान्यात जावं लागलं तर नातेवाइकांनी आधी ऑपरेशनचं सांगावं, आणि ‘पोटाचं बायपास’ असंच म्हणावं.

गुडघेदुखीमुळे ऑपरेशन करून घेतलेले लोक त्याच गुडघ्यासाठी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणतात, हा प्रकार तर सर्रास. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. सिगारेटनेही होतो. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना खाण्याऐवजी तिचाच आधार वाटू लागतो. मूल हवं असणाऱ्यांनी साधारण १२ ते १८ महिने थांबावं. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहतात, म्हणून तोवरच्या गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

तिसऱ्या दिवाळीला पहारा उठलेला असतो. चकली, शेव, चिवडा लहान पोटातूनही सहज उतरतात, पोळीसारखे अडकत नाहीत. काटा थोडा वर सरकतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येणं अपेक्षितच आहे. पण पाच किलो वाढले की माणूस शरमेने डॉक्टरकडे जाणं टाळतो, आणि नेमक्या त्याच वर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी राहून जाते. वाढलेल्या वजनावर आहारतज्ज्ञ, इंजेक्शनं, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. पण बी-१२अभावी नसांना झालेली इजा उशिरा लक्षात आली तर पूर्ण भरून येईलच असं नाही.