दीर्घ हस्तलिखित पडद्यावर का अडखळते?

चार-पाचशे पृष्ठांचा प्रबंध वर्डमध्ये उघडून मधल्या एखाद्या प्रकरणाकडे निघालेल्या लेखकाने माऊसचे चाक फिरवावे, पडदा जागचा हलू नये, आणि मग एकाएकी दहा पाने ओलांडून भलत्याच परिच्छेदावर येऊन थांबावा, असे दोन-चार वेळा घडले की संगणक जुना झाला, रॅम अपुरी पडते, सबब नवे यंत्र घ्यावे, असा निकाल तो बसल्याजागी देऊन मोकळा होतो. हा निकाल बहुधा एकतर्फी असतो. वर्ड काय किंवा लिब्रेऑफिस काय, छापील पानाचे रूप दाखविणाऱ्या ‘प्रिंट लेआउट’मध्ये पडद्यावर येणारे प्रत्येक पान अगोदर रचावे लागते, ओळ कोठे तुटते यावर पान कोठे संपते हे अवलंबून, आणि एक पान कोठे संपते यावर पुढचे कोठे सुरू होते हे अवलंबून. मोठी फाइल उघडल्यावर खालच्या पट्टीतील एकूण पृष्ठांचा आकडा काही काळ वाढत राहतो, तो हीच रचना चालू असल्यामुळे. त्यात तळटिपांचा पेच निराळाच: टीप आणि तिचा क्रमांक असलेली ओळ शक्यतो एकाच पानावर हवी, पण टिपेने जागा अडविली म्हणजे ती ओळ पुढच्या पानावर ढकलली जाते, ओळीमागोमाग टीपही जाते, आणि मागे पुन्हा रिकामी जागा उरते. हा तंटा पानोपानी मिटवीत जाण्याचे काम मुख्यतः क्रमानेच होणारे असल्यामुळे, मूळची रॅम भरून वाहत नसेल तर ती दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही.

फाइल आकाराने लहान असली म्हणजे ती हलकी, हा दुसरा समज. डॉकएक्स फाइल ही वस्तुतः आवळून बांधलेली झिप गाठोडी असते आणि तिच्यातील छायाचित्रेही बहुधा आवळलेलीच असतात; ती दाखविताना उलगडावी लागतात. ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे छायाचित्र डिस्कवर तीन-चार एमबीत मावले, तरी प्रत्येक ठिपक्यास चार बाइट या हिशेबाने उलगडल्यावर ते ४ कोटी ८० लाख बाइट व्यापते. उलटपक्षी दीड लाख शब्दांचा निव्वळ देवनागरी मजकूर, युटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हास तीन बाइट धरूनही, तीस लाख बाइटांच्या आसपास राहतो. कोपरा ओढून चित्र लहान केले म्हणजे त्यातले ठिपके कमी झालेच असे समजू नये. त्यासाठी ‘कम्प्रेस पिक्चर्स’ची तजवीज आहे, आणि लेखन चालू असेपर्यंत चित्रांच्या जागी नुसत्या चौकटी दाखविण्याची मुभा वर्डच्या ‘अॅडव्हान्स्ड’ पर्यायांत आहे.

आपल्याकडे आणखी एक आक्षेप ऐकू येतो, तो असा की युनिकोड मराठीच यंत्राला जड जाते आणि जुन्या फाँटातला मजकूर झरझर सरकत असे. जोडाक्षर घडविण्यास काही श्रम पडतात हे खरे, परंतु पृष्ठरचनेच्या खटाटोपापुढे ते अल्प होत. जुन्या श्रीलिपी वा शिवाजी फाँटातला मजकूर मात्र प्रोग्रामच्या लेखी रोमन चिन्हांची निरर्थक रास असल्याने, तपासणीची भाषा इंग्रजी असेल तर शब्दाशब्दाखाली तांबडी रेघ उमटते, आणि अखेरीस चुका इतक्या आहेत की यापुढे दाखविता येत नाहीत, असे वर्ड स्वतःच हात टेकून जाहीर करतो. युनिकोड मराठीला हिंदीची भाषाखूण चिकटली असली तरी पुष्कळ निर्दोष शब्द असेच दोषी ठरतात. टंकन चालू असताना होणारी शुद्धलेखन-तपासणी तूर्त बंद ठेवावी, हे बरे.

प्रकरणांच्या स्वतंत्र फाइली करणे हाच एकमेव उपाय, असे ठासून सांगणारे अनेक भेटतात. चित्रांनी गच्च भरलेल्या ग्रंथास तो मानवतो. पण टिपांचे क्रमांक, परस्परसंदर्भ आणि सूची यांची मोडतोड नंतर निस्तरावी लागते, म्हणून मी त्यास शेवटचा क्रम देईन. त्याआधी ‘ड्राफ्ट’ दृश्यात काम करून पाहावे. तेथे शीर्षपट्टी, तळपट्टी व तरंगती चित्रे दिसत नाहीत आणि टिपा वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यामुळे पडद्याचे काम पुष्कळ हलके होते. प्रकरणनामांना नुसते ठळक न करता ‘हेडिंग’ शैली दिली असेल तर नॅव्हिगेशन पेनमधून एका टिचकीने इच्छित स्थळी जाता येते आणि चाक फिरविण्याचा प्रसंगच येत नाही. फाइल उघडताच शिफ्ट व एफ५ दाबल्यास वर्ड बहुधा मागील फेरफाराच्या जागी नेऊन सोडतो. अनेक पानांवर पसरलेला एकच अवाढव्य तक्ता असेल तर त्याच्या रकान्यांची रुंदी मजकुराप्रमाणे आपोआप बदलू न देता ठरवून टाकावी.

राहता राहिले ‘ट्रॅक चेंजेस’. ‘नो मार्कअप’ निवडल्याने जुने फेरफार पुसले गेले, हा समज तर वेगापलीकडेही महाग पडू शकतो: वगळलेली वाक्ये स्वीकृती मिळेपर्यंत फाइलीतच असतात, प्रोग्रामला ती सांभाळावी लागतात, आणि परीक्षकाविषयी रागाच्या भरात लिहून मग खोडलेला परिच्छेद खुद्द परीक्षकालाच वाचावयास मिळतो. एक प्रत राखून ठेवावी, आणि मगच ‘अॅक्सेप्ट ऑल चेंजेस’ दाबावे.