विज्ञान सोपे करून सांगणाऱ्याला बाजारात किंमत आहे
बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने सुटीचे दोन महिने कुठे घालवावेत?

परीक्षा आटोपल्या की विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या घरी एकच चर्चा सुरू होते. वडील म्हणतात, दुकानावर बस. मामा म्हणतात, एखादा कॉम्प्युटरचा कोर्स कर. प्रयोगशाळांत जागा थोड्या आणि सरकारी नोकऱ्या त्याहून थोड्या. मग पदवी हाती पडूनही मुलगा काय करतो, तर मिळेल ते काम करतो. अशा होतकरू मुलामुलींचे लक्ष आम्ही आज एका वेगळ्या कामाकडे वेधू इच्छितो. हे काम म्हणजे विज्ञान संवाद आणि विपणन, अर्थात विज्ञानाची वस्तू लोकांना समजावून सांगणे आणि विकण्यास मदत करणे. या कामाची उन्हाळी इंटर्नशिप करता येते.

काम नेमके काय?

पाणी शुद्ध करणारी यंत्रे, रक्त तपासणीचे किट, ठिबक संच, जैविक खते या वस्तू शास्त्रज्ञ आणि अभियंते तयार करतात. विकतो मात्र गावचा दुकानदार. या दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही. ती कळणारा माणूस कंपनीला हवा असतो. इंटर्न म्हणून आलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेचा अहवाल वाचून माहितीपत्रक लिहावे लागते, प्रदर्शनातील स्टॉलवर उभे राहावे लागते, विक्रेत्यांकडे फिरून ग्राहक काय विचारतात याच्या नोंदी कराव्या लागतात.

एक उदाहरण घेऊ. पाण्याच्या यंत्राचा विक्रेता घरी येतो, ग्लासात टीडीएस मीटर बुडवतो आणि आकडा दाखवून गृहिणीला घाबरवतो. हा मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. भारतीय मानकानुसार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ पिण्याच्या पाण्यात चालतात. आकडा १५० आला म्हणून पाणी निर्जंतुक ठरत नाही आणि ४०० आला म्हणून ते विष ठरत नाही. आर.ओ. यंत्र क्षार कमी करते. अतिनील किरणांचा दिवा जंतू निकामी करतो, पण क्षारांना हात लावत नाही. हे चार वाक्यांत, मराठीत, गृहिणीला पटेल असे लिहून देणारा विद्यार्थी कंपनीच्या उपयोगाचा आहे. तो ग्राहकाच्याही उपयोगाचा आहे, कारण कोणत्या पाण्याला कोणते यंत्र हवे हे त्याला कळते.

तीन अक्षरांचा धडा

या धंद्यात एक धोकाही आहे. विज्ञानाचे नाव घेतले की माल खपतो, म्हणून ते नाव उसने घेण्याचा मोह होतो. ओ.आर.एस.चे प्रकरण ताजे आहे. जुलाबाने शरीरातील पाणी आणि क्षार गेल्यावर द्यायचे हे द्रावण. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते मोठ्या प्रमाणावर वापरून असंख्य कॉलराग्रस्तांचे प्राण वाचविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि ठरलेल्या मापाचे क्षार असतात. पण बाजारात त्याच तीन अक्षरांच्या नावाने फार जास्त साखरेची गोड पेये विकली जाऊ लागली. जुलाब झालेल्या बाळाला अशी साखर दिली तर जुलाब थांबण्याऐवजी वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली.

अशा खोक्यांवरचा मजकूर कुणीतरी सुशिक्षित माणसानेच लिहिलेला असतो. उद्या आमच्याच एखाद्या विद्यार्थ्यापुढे असा मजकूर लिहिण्याचे काम येऊ शकते. त्या वेळी त्याने वरिष्ठांना नम्रपणे एवढेच विचारावे, 'सर, या दाव्याचा चाचणी अहवाल मिळेल का?' अहवाल नसेल तर ते वाक्य लिहू नये. कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे खरे लिहिणारा इंटर्न मालकाचे पैसेच वाचवतो.

प्रवेश कसा मिळवावा?

ओळख नाही, वशिला नाही, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. मायकेल फॅरेडे हा लंडनच्या लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा. १८१२ मध्ये त्याने सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हींना पाठविली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला सहायकाची जागा मिळाली. तेथे पुढे त्याने विजेचे शोध लावले आणि मुलांसाठी विज्ञान व्याख्यानेही दिली. त्याचा वशिला म्हणजे ती वही.

आमच्या विद्यार्थ्यांनीही अर्जासोबत कामाचा नमुना जोडावा. आपल्या विषयातील एका वस्तूवर मराठीत एक पानाचे माहितीपत्रक लिहावे. उर्दू किंवा हिंदी येत असेल तर त्या भाषांतही लिहावे. दोन-तीन भाषा येणे हे या कामातील मोठे भांडवल आहे. सरावासाठी मुंबईतील मराठी विज्ञान परिषद, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, पुण्यातील आयुकाचे मुक्तांगण अशा ठिकाणी जाऊन विज्ञान कसे मांडले जाते ते पाहावे.

काम स्वीकारण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्याव्यात: कालावधी, विद्यावेतन, मार्गदर्शकाचे नाव आणि शेवटी मिळणारा दाखला. महाविद्यालयात श्रेयांकांची चौकशी आधीच करावी. एका श्रेयांकाला ३० तासांचे काम धरतात, म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास होतात. प्रशिक्षणासाठी उलट विद्यार्थ्याकडूनच पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे. दोन महिने नुसते चहा आणणे आणि फाइली लावणे यातच गेले तर ती इंटर्नशिप नव्हे, फुकटची हमाली होय.

पालकांना आमची विनंती आहे की, मुलाचे दुकान सुटले म्हणून नाराज होऊ नये. वस्तू समजून घेऊन ती खरेपणाने विकणे हाच तर आपला जुना व्यापार आहे. सुटीनंतर मुलगा पुन्हा दुकानात बसला तरी गिऱ्हाईकाला मालाचे गुण आणि मर्यादा दोन्ही सांगू शकेल, आणि असे गिऱ्हाईक पुन्हा येते.