आवळा देऊन कोहळा

'आवळा देऊन कोहळा काढणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता पाठ केला. फसवणुकीचे सारे शास्त्र त्या चार शब्दांत सामावले आहे, हे मात्र तेव्हा लक्षात आले नाही. ठकाला आधी काही तरी पुढे करावे लागते. कधी नफा, कधी भीती, कधी मदतीचा हात, तर कधी नोकरी. काल त्याच्या हाती टपाल होते, आज मोबाईल आहे. पण आवळे जवळजवळ तेच आहेत. म्हणून या लेखात फसवणुकीचे प्रकार आवळ्यांप्रमाणेच मांडत आहे.

पहिला आवळा : नफा

१९२० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या गृहस्थाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देण्याचे जाहीर केले. टपालाची आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपने एका देशात स्वस्त घेऊन दुसऱ्या देशात चढ्या किमतीला वटवतो, असे तो सांगे. प्रत्यक्षात कूपनांचा धंदा नावापुरताच होता. नव्या ठेवीदाराचे पैसे जुन्या ठेवीदाराला 'नफा' म्हणून दिले जात. पहिल्या लोकांना पैसे खरोखरच मिळाले, आणि त्यांनीच मग पाँझीची फुकट जाहिरात केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सारा डोलारा कोसळला. आजही अशा योजनेला त्याच्याच नावाने ओळखतात.

साखळी योजना ही याचीच बहीण. 'तुम्ही फक्त दोन सभासद आणा' असे सांगतात. दोन म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटते. पण हिशोब करून पाहावा. एकाने दोघे आणले, त्या दोघांनी प्रत्येकी दोघे आणले, असे चालले तर विसाव्या पायरीवर १०,४८,५७६ माणसे लागतात आणि सत्ताविसाव्या पायरीवर १३,४२,१७,७२८. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. म्हणजे तान्ही बाळे धरूनही राज्य अपुरे पडेल! शिवाय साखळी कोणत्याही पायरीवर तुटली, तरी एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक माणसे शेवटच्या पायरीवरच असतात. त्यांना कोणाकडूनही काही मिळायचे नसते.

आपल्याकडे १९९० च्या दशकात सागवानाच्या लागवडीत पैसे गुंतवा, झाडे मोठी झाली की लक्षाधीश व्हाल, अशा योजनांचे पीक आले होते. २०१२ साली तामिळनाडूत ईमू पक्ष्यांच्या योजना बुडाल्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला दागिन्यांच्या एका दुकानापुढे गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. दर आठवड्याला मिळणारे पैसे थांबले होते. साग, पक्षी, खडे ही केवळ सोंगे होत. विचारायचा प्रश्न एकच असतो : हा नफा नक्की कोणत्या धंद्यातून येतो?

येथे भिशीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. भिशीत माणसे ठरलेली असतात, आणि प्रत्येकाला पाळीपाळीने सर्वांचे मिळून जमलेले पैसे मिळतात. तिला नवीन सभासदांची भूक नसते. भिशीतही बुडवणारे असतात, परंतु तिची रचनाच फसवी आहे असे म्हणता येत नाही. साखळीची रचनाच फसवी असते, म्हणून १९७८ च्या केंद्रीय कायद्याने पैसा फिरवणाऱ्या अशा योजनांवर बंदी घातली. ठेवीदारांसाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये आणि केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदे केले. कायदे असूनही माणसे फसतात, कारण बहुधा सभासद करायला येणारा मनुष्य आपलाच मामा, शेजारी किंवा जुना शिक्षक असतो. तो खोटे बोलत नसतो. त्याचीच फसवणूक झालेली असते, फक्त त्याला ती अजून कळलेली नसते.

दुसरा आवळा : भीती

भीती हा आवळा कसा, असे कोणी विचारील. तर ठक आधी भीती देतो आणि लगेच तिच्यातून सुटण्याची वाट विकतो. 'तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले', 'तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा दाखल आहे' असा फोन येतो. मग व्हिडिओवर गणवेशातील मनुष्य दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली असते. माणसाला तासन् तास कॅमेऱ्यापुढे बसवून ठेवतात आणि 'चौकशीपुरते' पैसे पाठवायला लावतात. याला ते 'डिजिटल अटक' म्हणतात. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या कार्यक्रमात हेच सांगितले होते.

यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. असा प्रत्येक ठक म्हणतो, 'घरात कोणाला सांगू नका.' कारण दुसऱ्या माणसाला सांगताच सोंग उघडे पडते.

तिसरा आवळा : मदत

हा प्रकार गावाकडे जुना आहे. 'आम्ही पोलीस आहोत, पुढे चोऱ्या होत आहेत, दागिने काढून रुमालात बांधा' असे म्हणून म्हाताऱ्या माणसाला मदत करायची आणि पुडीत खडे बांधून द्यायचे. 'दागिन्यांना झिलई करून देतो' म्हणणारे दारावर येतात. सोने विरघळवणाऱ्या आम्लात दागिना बुडवला की तो चमकतो खरा, पण वजनाला हलका होऊन परत येतो.

आता हीच मदत फोनवरून येते. माझ्या घरी आली, म्हणून लिहिते. आईला फोन आला की सरकारी योजनेचा तुमचा हप्ता अडकला आहे. बोलणारा अगदी अदबीने 'ताई, ताई' म्हणत होता. त्याने एक चौकोनी चित्र पाठवले, ते दुसऱ्या फोनवर घेऊन स्कॅन करायला लावले आणि 'पैसे जमा होण्यासाठी पिन टाका' असे सांगितले. तिने टाकला. बचत गटाचे बँकेत भरायचे ७,२०० रुपये तिने आपल्या खात्यात ठेवले होते, ते गेले.

येथे प्रत्येकाने घरी जाऊन सांगावे असे एक वाक्य आहे : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे येत नसून चालले आहेत, असे समजावे. तसेच ओटीपी म्हणजे घराची किल्ली. बँकेचा खरा मनुष्य ती मागत नाही. आणि व्हॉट्सॲपवर आलेली लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती उघडताना फोन काही 'इन्स्टॉल' करायला सांगू लागला, तर ती पत्रिका नव्हे. फोनमध्ये शिरणारा तो चोर होय.

चौथा आवळा : काम

हा आवळा खास आपल्यासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी आहे. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, गणवेशाचे पैसे मागणारी नोकरी. शिक्का मारलेले खोटे नेमणूकपत्र. 'घरबसल्या चित्रफितींना पसंती द्या आणि कमवा' असा संदेश. या शेवटच्यात पहिल्या दिवशी शंभर-दीडशे रुपये खरोखर मिळतात. मग मोठ्या कामासाठी आधी ठेव भरा म्हणतात. नोकरी पैसे देते. जी पैसे मागते ती नोकरी नव्हे.

यापेक्षाही घातक प्रकार म्हणजे 'तुझे बँकखाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील.' यात आपल्या खिशातून काहीच जात नाही, म्हणून हे फसवणुकीसारखे वाटतच नाही. पण ठकाला लुटीचा पैसा स्वतःच्या खात्यात घेता येत नाही. त्याला दुसऱ्याचे खाते लागते. पोलिसांच्या शोधात पहिले नाव खातेदाराचे निघते, ठकाचे नव्हे. खाते गोठते आणि त्यात येणारी शिष्यवृत्तीही अडकते. आईचे पैसे ज्या खात्यात गेले, ते दूरच्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे निघाले. मला त्याचा राग आला, पण आश्चर्य वाटले नाही. तशी विचारणा मलाही एकदा झाली होती, आणि मी लगेच 'नाही' म्हटले नव्हते. दोन दिवस विचार केला होता.

फसल्यावर काय करावे

वेळ दवडू नये. १९३० हा सायबर फसवणुकीसाठी देशभराचा मदत क्रमांक आहे. तेथे तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला सूचना जाते आणि पैसे तेथे असतील तर रोखले जातात. ठक ते एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात ढकलून रोख काढून घेतो, म्हणून पहिले काही तास फार मोलाचे असतात. आपल्या बँकेलाही ताबडतोब कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दिला असला तरी बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा फोन क्रमांक लिहून ठेवावा. संदेश पुसू नयेत.

आईने यातले काहीच केले नाही. नऊ दिवस ती कोणाशी बोलली नाही. मी सुटीत घरी गेले तेव्हा गोठ्यात शेळी दिसली नाही, म्हणून विचारले, तेव्हा सारे कळले. गटाचे पैसे तिने शेळी विकून भरले होते. माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "आई, एवढंही कळलं नाही का तुला?"

ती म्हणाली, "कळलं असतं तर शेळी कशाला विकली असती? आणि तू हेच विचारशील म्हणून तर सांगितलं नाही."

मग आम्ही १९३० ला फोन केला, पोलीस ठाण्यात जाऊन आलो. परंतु पैसे केव्हाच पुढच्या खात्यात जाऊन रोख निघाले होते. पहिल्याच तासात तिने मला सांगितले असते, तर कदाचित ते अडवता आले असते. तिने सांगितले नाही, कारण आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच, आणि माझ्यापुढे अडाणी ठरण्याची तिला लाज वाटली. ठक 'कोणाला सांगू नका' म्हणतो, त्यात त्याला आपल्याकडून असे साहाय्य होते.

वस्तुतः फसण्याचा आणि शिक्षणाचा फारसा संबंध नाही. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारीही 'डिजिटल अटके'त सापडले आहेत. आईने विश्वास ठेवला. तिच्या साऱ्या आयुष्यात अदबीने बोलणारा मनुष्य आजवर खोटा निघाला नव्हता, एवढेच.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, या सुटीत घरी गेल्यावर वर लिहिलेले चार आवळे घरच्यांना जरूर समजावून सांगा. १९३० हा आकडा भिंतीवरील दिनदर्शिकेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि कोणी 'माझे पैसे गेले' म्हणत आले, तर 'कळलं नाही का?' हा प्रश्न न विचारता 'किती वाजता गेले?' एवढेच विचारा व फोन हाती घ्या.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष (कला)