पोरगं अचानक बदललं? सोबत 'ही' लक्षणं असतील तर मेंदूची तपासणी करून घ्या

कालपर्यंत हसतं-खेळतं पोरगं एकाएकी गप्प राहू लागतं. कॉलेजला नको म्हणतं, आंघोळीचाही कंटाळा करतं, बारीकसारीक गोष्टीवरून अंगावर धावून येतं. मग घरात सुरू होतं, 'मोबाईलनं बिघडवलं', नाहीतर 'बाहेरचं लागलंय'. बहुतेक वेळा यामागं ताण किंवा नैराश्य असतं आणि उपचारानं फरक पडतो. पण क्वचित कुणाच्या बाबतीत मूळ कारण मेंदूतली गाठ, म्हणजे ब्रेन ट्यूमर निघतं.

गाठीनं स्वभाव कसा बदलतो?

राग आवरणं, विचार करून वागणं, कामाचा हुरूप वाटणं हे सगळं कपाळामागचा मेंदू सांभाळतो. तिथं गाठ हळूहळू वाढली तर सुरुवातीला हातपाय लुळे पडतीलच असं नाही. आधी माणूसच बदलतो. कानशिलाच्या आतल्या भागात गाठ असेल तर एकाएकी भीती दाटून येते, कधी नसलेला वास येतो.

अमेरिकेतले प्रसिद्ध संगीतकार जॉर्ज गर्शविन यांना १९३७ मध्ये डोकेदुखी व्हायची, रबर जळाल्यासारखा वास यायचा. दवाखान्यात 'हिस्टेरिया' समजून त्यांना घरी पाठवलं. काही आठवड्यांतच ते बेशुद्ध पडले. मेंदूत गाठ निघाली आणि ऑपरेशननंतर ११ जुलैला, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी ते गेले. तेव्हा सीटी स्कॅन, एमआरआय नव्हते. आज आहेत.

स्वभावातल्या बदलासोबत हे दिसलं तर थांबू नका

• सकाळी उठल्यावर जास्त डोकं दुखणं, सोबत उलटी
• पहिल्यांदाच फिट (आकडी) येणं
• धूसर किंवा एकाचे दोन दिसणं
• एका बाजूचा हात-पाय कमजोर पडणं, तोल जाणं
• बोलताना शब्द न सापडणं, विसरभोळेपणा वाढणं
• मानसिक आजाराची औषधं नीट घेऊनही तब्येत ढासळत जाणं

काय कराल?

अंगारे-धुपाऱ्यात आठवडे घालवू नका. गाठ वाढली की नजर कायमची जाऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. फिट आली किंवा पोरगं गुंगीत जाऊ लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतील. काय बदललं, कधीपासून, हे कागदावर लिहून न्या. फिट आल्याचा मोबाईलवर व्हिडिओ असेल तर तोही दाखवा. 'डोक्याचा फोटो काढावा लागेल का?' असं डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात संकोच कसला!

चालू असलेली मानसिक आजाराची औषधं मात्र मनानं बंद करू नका. मनाच्या त्रासाबद्दल बोलायचं असेल तर 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत नंबरवर दिवसरात्र कधीही फोन करता येतो.

प्रत्येक चिडक्या पोराच्या डोक्यात गाठ नसते. म्हणून घाबरू नका, पण वरची लक्षणं अंगावरही काढू नका.