पितळी ताट आणि कल्हई

खंडाळ्यास, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या घरी माळ्यावरील भांडी उतरविताना, आजीच्या संसारातील पहिले पितळी ताट, काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेल्या नावासह, हाती आले.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थ त्यात कळकतात, म्हणून आतून कल्हई आवश्यक. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवी, नवसागराची पूड टाकी आणि पांढरा धूर उठताच, २३२ अंश सेल्सियसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने असे फिरवी, की ताट क्षणार्धात रुपेरी होई.

पुढे किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे सहसा न गंजणारे स्टेनलेस स्टील घरोघरी आले आणि कल्हईची दरसालची तजवीज संपुष्टात आली.